ज्याच्या दारी त्याचं पाणी

आमच्या घरच्या विजेच्या किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. खामगावचं नळाचं पाणी त्यातल्या त्यात बरं, तरी धरतो. थर जाड झाला की पाणी उकळायला जवळपास दीडपट वेळ लागतो. हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. म्हणून महिन्यातून एकदा मी किटलीत लिंबूसत्व टाकून पाणी उकळतो. मागच्या रविवारी तेच करत होतो. आंबट वाफ स्वयंपाकघरभर झाली आणि बायको ओट्यापाशी येऊन म्हणाली, "आज किटलीला जुलाब वाटतं?"

ती सहज बोलली. तो शब्द आमच्या घरात इतका रुळला आहे की मूळ कुणाचा, हे आता मुलांना सांगावं लागेल. तो रऊफभाईंचा. त्यांना जाऊन बरेच दिवस झाले. त्यांच्याविषयी कुणी काही लिहिलेलं नाही, आणि लिहिण्यासारखं त्यांच्या घरच्यांनाही काही वाटलं नसेल. मला जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच लिहितो.

रऊफभाई आमच्या बियाण्याच्या डेपोत ड्रायव्हर होते आणि मी हिशेबनीस. कंपनी बाहेरची. तिचं नाव आता त्या गोदामावरसुद्धा राहिलेलं नाही, तेव्हा इथेही नको. बीटी कपाशीचं बियाणं नवं होतं तेव्हा प्रचारासाठी वरून एक गाडी आली. गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. कुणा बड्या साहेबाला गावोगाव मुक्कामी फिरता यावं म्हणून ती बांधून घेतली होती. आत झोपायला दोन बाक, हात धुवायचं भांडं, भिंतीत मिटणारं टेबल, आणि टेबलाच्या वर, भिंतीतच बसवलेलं कॉफीचं यंत्र. त्या साहेबांना म्हणे तिच्यात झोप लागेना. कूस बदलली की गाडी हलायची. म्हणून ती आमच्या गळ्यात पडली. कागदोपत्री ती 'प्रचार वाहन' होती. गावांत तिला सगळे 'कॉफीवाली मोटर' म्हणत.

रऊफभाई त्याआधी कपाशीचे ट्रक चालवत. उंच, मानेत किंचित वाकलेले, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. त्या रुमालाने ते काच पुसत, कप पुसत आणि कपाळही पुसत. वेगवेगळ्या कोपऱ्यांनी पुसतो असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते 'मुनीमजी' म्हणत. मी मुनीम नाही, नोकरीतला हिशेबनीस आहे, असं मी सुरुवातीला दोन-तीनदा सांगून पाहिलं. "एकच झालं ना," ते म्हणाले, "लिहिता तं दुसऱ्याचंच." पुढे मी सांगणं सोडलं.

गंमत म्हणजे त्या कॉफीचा थेंबही ते तोंडात घेत नसत. "जळक्या फुटाण्याचं पानी हाय ते. लोकायले आवडते, पिऊ द्या." पण यंत्रावर त्यांचा जीव होता. त्याचं झाकण उघडण्याआधी ते बोटाच्या पेराने त्यावर टकटक करत आणि क्षणभर थांबत. कुणी हसलं तर म्हणत, "कोनाच्याबी घरात शिराच्या आंधी वाजवा लागते, बाप्पा."

यंत्रातलं त्यांना फारसं कळत मात्र नव्हतं. त्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तूतून एखादा स्क्रू उरायचाच. तो ते वरच्या खिशात टाकत. "हा कंपनीनं जास्तीचा देला होता." खिसा नेहमी खुळखुळायचा.

यंत्र पहिल्यांदा बिघडलं ते पहिल्याच हंगामात. लाल दिवा लुकलुकायला लागला, पंप घरघरायचा आणि कपात धारेऐवजी थेंब पडायचे. रऊफभाईंनी टकटक केली, झाकण उघडलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं. थेंबच. मग त्यांनी यंत्राला समजावून सांगितलं की आज तालुक्याचे साहेब येणार आहेत, इज्जतीचा सवाल आहे. तरी थेंबच. शेवटी मी पुण्याच्या कारागिराला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "पाणी कोणतं वापरता?"

मी म्हणालो, कॅनचं. तसा नियमच होता. यंत्रात फक्त शुद्ध पाण्याचे कॅन वापरायचे आणि ते डेपोतून भरून न्यायचे. कारागीर म्हणाला, शक्य नाही, हा क्षारांचा थर आहे. तेव्हा मी गाडीच्या मागच्या कप्प्यात जाऊन पाहिलं. डेपोतून नेलेले कॅन जसेच्या तसे होते. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"रऊफभाई, हे काय?"

ते जरा शरमले, पण डगमगले नाहीत. "मुनीमजी, कोनाच्या अंगनात मोटर लावाची, त्याच्या खाटीवर बसाचं, अन् पानी आपलं घेऊन याचं? त्याले काय वाटन? आमच्या घरचं पानी या लोकायले चालत नाई, हेच वाटन ना? ज्याच्या दारी त्याचं पानी. मी तं तसंच करतो."

इथे पाण्याविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. बाहेरचा माणूस पहिल्या घोटालाच थांबतो. आणि आमच्याकडे तर दारात आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या येतो, बोलणं नंतर. तांब्या नाकारला तर बोलणं पुढे जात नाही. रऊफभाई गावात गाडी लावली की प्रथम त्या घरचं पाणी ओंजळीने पीत आणि मग घागरभर यंत्रासाठी मागत. त्या यंत्राला ते पाणी विषासारखं होतं. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

"मंग साफ करू ना," ते म्हणाले. "पन लोकायचं पानी नाई कसं म्हनू?"

मग कारागिराने फोनवर सांगितलं तसं मी लिंबूसत्व घातलेलं पाणी यंत्रातून जाऊ दिलं आणि वर साधं पाणी दोनदा. पांढरट गाळ बाहेर पडला आणि धार सुरू झाली. रऊफभाई एखादं बाळंतपण पाहावं तसे पाहत होते. तेव्हापासून ठरावीक दिवसांनी तो विधी होऊ लागला आणि त्या दिवशी कुणी कप मागितला की ते हात हलवून सांगत, "आज नाई भेटत. मशीनले जुलाब देला हाय."

एका गावी एक म्हातारे पाटील होते. गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या साहेबांचं भाषण ऐकलं, बियाण्याची पुडी उलटीसुलटी करून पाहिली, पण कप पुढे आला तसे म्हणाले, "आमी कोनाच्या हातचं घेत नाई." कोणाच्या म्हणजे कोणाच्या, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. साहेब खाली बघू लागले. रऊफभाई मात्र प्रसन्नपणे म्हणाले, "पानी तुमचं बाबा, दूध तुमचं, साखर तुमची, कप तुमच्या घरातला. काढून राह्यली मशीन, तिले जात ना धर्म. माहं फक्त बोट हाय बटनावर. तेबी नोको असन तं तुमीच दाबा."

म्हातारे उठले, काठी टेकत गाडीत चढले आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं तसे दचकून मागे सरले. पण कप संपवला. पुढे प्रत्येक खेपेला ते बटण स्वतः दाबत आणि दुसऱ्या कुणाला दाबू देत नसत. रऊफभाई मला म्हणाले, "आता त्यायच्या घरी मशीनची सोयरीक झाली, मुनीमजी."

त्याच काळात यंत्राची रबरी रिंग झिजली. कॉफीची पूड भरायची दांडी जिथे बसते तिथून पाणी गळू लागलं. नवी रिंग बाहेरून यायला महिना लागेल असं पुण्याहून कळलं. रऊफभाई बाजारात गेले आणि फवारे दुरुस्त करणाऱ्या दुकानातून पाठीवरच्या फवाऱ्याचा एक कोरा वायसर घेऊन आले. तो असा बसला की जणू त्या यंत्रासाठीच कापला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली ही एकच दुरुस्ती, जिच्यातून स्क्रू उरला नाही. महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, "परदेशातली मशीन, अन् वायसर खामगावचा."

आता पिंप्रीच्या सिंधूबाईंविषयी. पिंप्री पूर्णेच्या काठचं गाव. सिंधूबाईंचा नवरा लवकर गेला होता आणि शेती त्या स्वतः पाहत. मुलगा प्रकाश नुकता लग्न झालेला, दांडगा, हसरा. गाडी नेहमी त्यांच्याच अंगणात लागायची, कारण विहीर अंगणातच होती. प्रकाश घागर खांद्यावर घेऊन यायचा आणि टाकीत ओतता ओतता म्हणायचा, "रऊफभाऊ, आमच्या म्हशीपेक्षा तुही मशीन जास्त पानी पेते."

"म्हैस दूध तं देते बे," रऊफभाई म्हणायचे. "हे नुसतं काळं पानी देते. पोस आता."

हा संवाद दर खेपेला व्हायचा, आणि दर खेपेला दोघंही पहिल्यांदा बोलल्यासारखे हसायचे.

साहेबांचं भाषणही ठरलेलं असे. या बियाण्याला बोंडअळी लागणारच नाही. फवारा आता माळ्यावर टाका. एके दिवशी भाषण संपल्यावर सिंधूबाईंच्या अंगणात कुजबुज सुरू झाली. सिंधूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. कप वाटत फिरणाऱ्या रऊफभाईंना त्यांनी थांबवलं.

"साहेब तं बोलतेतच. त्यायचं कामच हाय ते. तू सांग भाऊ. इतके वर्स कपाशीच्या गाड्या हाकल्या तुनं. घेऊ का नोको?"

रऊफभाईंनी कप त्यांच्या हातात दिला. "घ्या ना बाई. तुमच्या घरचं पानी हाय माह्या पोटात. खोटं कायले बोलीन?"

सिंधूबाईंनी मान हलवली आणि कॉफीचा घोट घेतला. त्या अंगणातल्या बहुतेकांनी त्या वर्षी ते बियाणं लावलं. साहेबांच्या भाषणाने किती जणांनी आणि रऊफभाईंच्या त्या वाक्याने किती जणांनी, याचा हिशेब कुणालाच करता येणार नाही. रऊफभाईंना बियाण्यातलं काही कळत नव्हतं. कपाशी त्यांनी फक्त वाहिली होती. पण ते खोटंही बोलले नव्हते. साहेब सांगत ते त्यांना खरंच वाटत होतं.

आणि पहिली काही वर्षं ते खरंही ठरलं. हे लिहिणं मला भाग आहे, कारण डेपोत येणारे चेहरे मी पाहत होतो. बोंडं भरली, फवारण्या कमी झाल्या. सिंधूबाईंच्या घरावर स्लॅब पडला आणि पहिल्या दिवशी त्यांनी रऊफभाईंना गच्चीवर नेऊन चहुबाजूंनी गाव दाखवलं. मग हळूहळू एक-एक फवारणी परत आली. माळ्यावरचे फवारे खाली उतरले. आणि मग ते वर्ष आलं, ज्याला आमच्याकडे अजूनही नुसतं 'बोंडअळीचं वर्ष' म्हणतात. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी. लोक हाताला लागतील ती औषधं एकात एक मिसळून मारू लागले. कपाशी त्या वर्षी पुरुषभर वाढली होती. नळी वर धरावी लागे आणि औषध वाऱ्याने उलटून तोंडावर येई.

प्रकाश दुपारी फवारताना पडला. त्याला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही. मृत्यूच्या कागदावर कारण काय लिहिलं होतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून मी ते लिहीत नाही. पिंप्रीतले सगळे जे म्हणत होते ते रऊफभाईंनी ऐकलं.

आम्ही बसायला गेलो तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्यांनी भाकरी आणून ठेवल्या होत्या, त्या तशाच झाकलेल्या होत्या. सून आत होती. सिंधूबाई त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. रऊफभाई खाटेवर बसले नाहीत, खाली मातीत बसले. मग ते उठले आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, घागरभर पानी देता का? सगळ्यायले दोन-दोन घोट गरम देतो."

सिंधूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "पानी नाई भाऊ."

ओट्यावर दोन घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या. विहिरीचा दोर ओला होता. रऊफभाईंनी दोन्ही पाहिलं, मी पाहिलं, अंगणातल्या सगळ्यांनी पाहिलं. शेजारचा एक जण उठून म्हणाला, "माह्या घरून आनू काय?"

"नोको," रऊफभाई म्हणाले. "बरं बाई." आणि पुन्हा मातीत बसले.

आमच्या भागात वैऱ्यालाही पाणी नाही म्हणत नाहीत. परतीच्या वाटेवर नांदुऱ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं, मुनीमजी," ते म्हणाले. एवढंच.

पुढे डेपो बंद झाला. मला तेलाच्या गिरणीत काम मिळालं. ती गाडी घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती रऊफभाईंनी घेतली. कशी घेतली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी हिशेबनीस असूनही विचारलं नाही. आठवडी बाजारांत गाडी लावून ते कॉफी विकू लागले, कधी कधी पार धाडच्या बाजारापर्यंत जात. रविवारी मला सुट्टी असली की मी सोबत जायचो. घरी बायको म्हणे, ड्रायव्हरकी शिकताय का?

बाजार कुठलाही असो, महिन्या-दोन महिन्यांतून गाडी पिंप्रीला वळायची. रऊफभाई अंगणात गाडी लावत, उतरत आणि विचारत, "बाई, घागरभर पानी देता का?"

"पानी नाई भाऊ."

मग सिंधूबाईच त्यांच्यासाठी खाट टाकत. हे मला सुरुवातीला कळत नसे. त्या त्यांना हाकलत नव्हत्या. बसायला देत, सुनेचं सांगत, नातवाच्या शाळेचं सांगत, म्हैस आटली ते सांगत. एकदा उन्हाळ्यात रऊफभाईंना ठसका लागला आणि थांबेना. सिंधूबाई झटकन उठून आत गेल्या. आतून तांब्याचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या, रिकाम्या हातांनी, आणि पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. रऊफभाईंनी रुमाल तोंडाला लावला आणि ठसका आपला आपण जिरवला.

मी एकदा म्हणालो, "रऊफभाई, गाडीत पाण्याचे कॅन आहेत. त्याची करून द्या त्यांना एक कप. घेतीलही."

"घेईन ती," ते म्हणाले. "पन मंग मी नुसता दुकानदार झालो ना. ज्याच्या दारी त्याचं पानी. तिचं पानी नाई, तं माही कॉफी नाई."

याच दिवसांत यंत्र पुन्हा गळू लागलं. आता मला त्यातलं थोडंफार कळत होतं. मी क्रमाने पाहिलं. दिवा लागत होता, म्हणजे वीज ठीक. टाकी भरलेली. पंपाचा आवाज बरोबर. जाळी स्वच्छ. लिंबूसत्वाचं पाणीही देऊन झालं. तरी निम्मं कपात आणि निम्मं बाजूने खाली. शेवटी दांडी काढून बोट घालून पाहिलं तर रिंगच्या जागी काहीच नव्हतं. नुसती खोबण.

"वायसर पडला कुठेतरी," मी म्हणालो.

"पडला नाई," रऊफभाई म्हणाले. ते कप पुसत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "काढला मी."

"का?"

"फवाऱ्याचा होता ना."

मी म्हणालो, पुण्याहून खरी रिंग मागवतो. ते म्हणाले, राहू द्या. त्यांनी यंत्राखाली एक स्टीलची वाटी ठेवली. त्यानंतर त्या यंत्रातून एका दमात पूर्ण कप कधी आला नाही. गिऱ्हाइकाचा कप भरायला ते दोनदा बटण दाबत आणि मध्ये वाटी रिकामी करून येत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "थांब बाप्पा. तिची तब्येत बरी नाई."

मग तब्येत त्यांचीच बिघडली. पाय सुजू लागले, सकाळी चेहरा फुगलेला असे. अकोल्याच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो होतो. मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कोणतं पिता?" रऊफभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या मुनीमजी. आता मले जुलाब द्याचा राह्यला." डॉक्टरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. रऊफभाईंचं दुखणं त्या पाण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. तेच पाणी जन्मभर पिऊन म्हातारी झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मोजून दिलं आणि त्या पट्ट्यातल्या विहिरींचं तर एक घोटही नको म्हणून बजावलं. रऊफभाई दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवत आणि ती सीटच्या बाजूला अडकवत. संध्याकाळपर्यंत पुरवायची म्हणून आधी नुसते ओठ ओले करत.

त्या थंडीत, कपाशीची वेचणी चालू असताना, ते मला म्हणाले, "येत्या ऐतवारी पिंप्रीले जाऊन येऊ." मी म्हणालो, इतका प्रवास झेपेल का? ते म्हणाले, झेपत नाही म्हणूनच म्हणतो. गाडी त्यांनीच चालवली, नेहमीपेक्षा सावकाश. वाटेत दोनदा थांबले.

सिंधूबाई अंगणात कापसातला कचरा निवडत बसल्या होत्या. रऊफभाई दाराची पायरी धरून उतरले. चपलेत पाय पूर्ण जात नव्हता, टाच बाहेर राहिली होती. सिंधूबाईंचं लक्ष आधी त्या टाचेकडे गेलं, मग चेहऱ्याकडे. हातातलं बोंड त्यांनी खाली ठेवलं.

"बाई," रऊफभाई म्हणाले, "घागरभर पानी देता का?"

सिंधूबाई उठल्या. ओट्यावरच्या भरलेल्या घागरींकडे गेल्या नाहीत, विहिरीवर गेल्या. दोर सोडला, ओढला, ताजं पाणी शेंदलं, घागर कमरेवर घेतली आणि आणून गाडीच्या पायरीवर ठेवली. पाणी हिंदकळून पायरीवर सांडलं.

"घे," त्या म्हणाल्या. "किती दिवस कोरडी ठेवशीन तिले?"

रऊफभाईंना घागर उचलेना. मी पुढे झालो, पण सिंधूबाईंनीच दुसऱ्या बाजूने हात लावला आणि दोघांनी मिळून ती टाकीत ओतली. मग रऊफभाईंनी यंत्रावर टकटक केली, थांबले, बटण दाबलं. पंप घरघरला. निम्मी धार कपात पडली आणि निम्मी वाटीत. त्यांनी पुन्हा दाबलं. कप भरला तसा तो रुमालाने खालून पुसून त्यांनी सिंधूबाईंपुढे धरला.

"तू पे आंधी," त्या म्हणाल्या.

"बाई, त्यांना डॉक्टरांनी..." मी बोलायला लागलो. रऊफभाईंनी माझ्याकडे न पाहता हात वर केला. तो हात मी गाडी चालवताना अनेकदा पाहिला होता. समोरून येणाऱ्याला थांब म्हणण्याचा तो हात.

त्यांनी कप तोंडाला लावला आणि न थांबता संपवला. तोंड वाकडं झालं.

"कसं हाय?" सिंधूबाईंनी विचारलं.

"कडू हाय, बाई."

"हाव," त्या म्हणाल्या. "आता मले दे."

त्यानंतर मी रऊफभाईंना दोनदा दवाखान्यात पाहिलं. ते मी धरत नाही. मला ते त्या दिवशीच्या पायरीवर दिसतात. पायरी तशी एकाच माणसापुरती, पण दोघंही तिच्यावर बसली होती. सिंधूबाईंच्या हातात कप होता. मी विहिरीपाशी उभा होतो, त्यामुळे बोलणं थोडंच ऐकू आलं.

"म्हशीपेक्षा जास्त पानी पेते, म्हने तो," सिंधूबाई म्हणाल्या.

"हाव," रऊफभाई म्हणाले. "म्हने."

मागे यंत्र गळत होतं. वाटी केव्हाच भरली होती. पाणी काठावरून खाली, टेबलावरून जमिनीवर आणि तिथून पायरीवर उतरून दोघांच्या मधून अंगणातल्या मातीत जात होतं. वाटी रिकामी करायला रऊफभाई उठले नाहीत.